रक्ताच्या आकड्यांची कुळकथा

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरात आज दोन कागद हटकून सापडतात. एक रेशनकार्ड आणि दुसरा रक्ततपासणीचा रिपोर्ट. रेशनकार्ड कोणालाही वाचता येते. रिपोर्टाचे तसे नाही. त्यात पहिल्या रकान्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात आपला आकडा आणि तिसऱ्यात 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो ठळक अक्षरांत येतो, आणि तो पाहून घरात काळजी शिरते. मर्यादेत राहिला तर कागद घडी घालून कपाटात जातो. दुसऱ्या रकान्याविषयी आपण डॉक्टरांना दहा प्रश्न विचारतो. तिसऱ्या रकान्याविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ही मर्यादा कोणी आखली, केव्हा आखली आणि कोणाच्या रक्तावरून आखली? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

श्रोतेहो, आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि त्या कामात कोष्टके वाचण्याची खोड लागते. महागाईभत्ता ज्या निर्देशांकावर मिळतो, त्या निर्देशांकाच्या मागे कोणाच्या घरचा खर्च धरला आहे, आधारवर्ष कोणते, धान्याचा भाव कोणत्या दुकानातला, हे विचारल्यावाचून मागणीपत्र लिहिता येत नाही. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी याच प्रश्नावर रान उठविले, आणि प्रा. लकडावाला यांच्या समितीला निर्देशांकाची मोजणी तपासावी लागली. त्या लढ्याने आमच्या आधीच्या पिढीला जे शिकविले, तेच आम्ही आज रक्ताच्या आकड्यांना लावून पाहत आहोत. आकड्याचा आदर करावा. पण त्याची कुळकथाही विचारावी.

प्रथम साखरेकडे वळू. मधुमेह हा शब्दच सांगतो की हा रोग आपल्या वैद्यांना फार पूर्वी चवीवरून आणि मुंग्यांवरून कळला होता. पण कळणे वेगळे आणि मोजणे वेगळे. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने मधुमेही माणसाचे मूत्र आटवून पाहिले. खाली उरलेला पदार्थ साखरेसारखा होता. त्याच माणसाच्या रक्तातला पाण्यासारखा अंशही गोड लागत असल्याची नोंद त्याने केली. साखर रक्तातच आहे, म्हणजे दुखणे नुसत्या मूत्रपिंडाचे नाही, हे त्यावरून दिसले.

पुढे ती साखर मोजण्याची सोपी रीत हाती यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९१९ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे ऑटो फोलिन आणि त्यांचे चिनी सहकारी श्यान वू यांनी रक्त तपासण्याची एक पद्धतशीर रीत प्रसिद्ध केली. रक्तातली प्रथिने काढून टाकायची, उरलेल्या द्रवात तांब्याचे क्षार घालून तापवायचे आणि शेवटी जो निळा रंग येतो तो ठरावीक साखरेच्या द्रावणाच्या रंगाशी ताडून पाहायचा. रंग जितका गडद, तितकी साखर जास्त. थोड्याशा रक्तात साखर, युरिया, क्रिएटिनिन असे अनेक पदार्थ मोजता येऊ लागले. आज सकाळी उपाशीपोटी नळीभर रक्त देऊन संध्याकाळी जो कागद आपण आणतो, त्याचा एक पूर्वज तो निळा रंग आहे.

त्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, टोरोंटो येथे इन्सुलिन सापडले. तोवर ज्या मुलांना मधुमेह होई, ती थोड्याच काळात दगावत. इन्सुलिनने ती जगू लागली, आणि ती वर्षानुवर्षे जगल्यावर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांवर साखर सावकाश काय करते, हे वैद्यकाला ठळकपणे दिसले. जुनाट रोग हा एका अर्थी जगण्याचाच हिशेब आहे. माणूस टिकला म्हणून त्याचे दुखणेही जुने झाले. ज्या समाजात म्हातारपणापर्यंत पोचणारेच थोडे, तेथे म्हातारपणाच्या रोगांची मोजदाद कोण करणार?

आता मर्यादेची गोष्ट ऐका. १९७९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी ठरविले की उपाशीपोटी साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली तर मधुमेह म्हणावा. १९९७ साली तेथील मधुमेह संघटनेच्या समितीने ती रेषा १२६ वर आणली. ज्यांची साखर १३० होती, ती माणसे आदल्या दिवशी या कसोटीने मधुमेही नव्हती आणि दुसऱ्या दिवशी झाली. त्यांच्या रक्तात रात्रीतून काही बदलले नव्हते. मग हा अन्याय होता काय? आमच्या मते नव्हे. डोळ्यांच्या पडद्याला इजा साधारण कोणत्या साखरेपासून वाढू लागते, हे पाहून ती रेषा खाली आणली गेली. कारण रास्त होते. पण रेषा माणसे आखतात, पुराव्यावर आखतात आणि पुरावा वाढला की सरकवतात, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

हा पुरावा आला कोठून? त्याचा एक मोठा भाग अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या पिमा या आदिवासी जमातीच्या शरीरांतून आला. गिला नदीच्या पाण्यावर शेती करणारे हे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला वसलेल्यांनी नदीचे पाणी वळविले, पिमांची शेती बुडाली, आणि शेतातल्या धान्याच्या जागी बाहेरून येणारे पीठ आणि चरबी आली. विसाव्या शतकात त्यांच्यात मधुमेह इतका वाढला की १९६५ पासून सरकारी संशोधकांनी त्यांचे रक्त आणि डोळे वर्षानुवर्षे तपासले. आपल्या रिपोर्टावर १२६ चा जो आकडा असतो, त्यात त्या पाणी हिरावलेल्या शेतकऱ्यांचे रक्त आहे. त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे, आणि रोगाचे मूळ नेहमी रोग्याच्या जिभेत नसते, कधी ते वळविलेल्या कालव्यातही असते, हेही त्यांच्यापासून शिकले पाहिजे.

उपाशीपोटीची साखर ही एका सकाळची हजेरी आहे. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडणारे आजोबा आपल्या सर्वांच्या माहितीचे आहेत! मुकादम येणार असे कळल्यावर खाते झाडून ठेवण्यातलाच तो प्रकार. यावर उपाय निघाला तो तेहरानमध्ये. १९६८ साली सॅम्युएल राहबर हे इराणी संशोधक रक्तातल्या हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार शोधीत असता त्यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळा पट्टा आढळला. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे पाहिले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हे मस्टर झाले. त्यात दोन दिवसांची लबाडी चालत नाही. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत या तपासणीचा उपचाराशी असलेला संबंध दाखविला गेला, आणि २०१० साली तेथील मधुमेह संघटनेने साडेसहा टक्के ही निदानाची रेषा मान्य केली. आपल्याकडे लोक तिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात, आणि ते नाव अगदी चपखल आहे.

पण मस्टरही फसते. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर कमी दिसतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाची तीन महिन्यांची साखर वाचताना शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा वाचावा लागतो.

आकड्याच्या मागे धावण्याचा धोका किती मोठा असतो, हे २००८ साली कळले. अमेरिका आणि कॅनडा येथे १०,२५१ मधुमेहींवर एक चाचणी चालू होती. माणसे सरासरी बासष्ट वर्षांची, हृदयरोग असलेली किंवा त्याचा धोका असलेली. निम्म्यांची तीन महिन्यांची साखर औषधे वाढवून सहाच्या खाली आणायची, उरलेल्यांची सात ते आठच्या दरम्यान ठेवायची, असा बेत होता. कागदावरचा आकडा जितका सुंदर, तितका माणूस सुखरूप, अशी अपेक्षा. घडले उलटे. पहिल्या गटात २५७ माणसे मृत्यू पावली, दुसऱ्यात २०३. पहिल्या गटाचा तो कडक उपचार मुदतीपूर्वी थांबवावा लागला. तेव्हापासून थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, अनेक व्याधी असलेल्या वृद्धांसाठी साखरेचे उद्दिष्ट सैल ठेवावे, असे तज्ज्ञ मंडळे सांगतात. कारण साखर एकाएकी उतरून रात्री न्हाणीघरात पडलेल्या म्हातारीचे मोडलेले खुब्याचे हाड चांगल्या रिपोर्टाने सांधत नाही. तिशीच्या माणसाचे उद्दिष्ट ऐंशीच्या माणसाला लावणे म्हणजे नव्या यंत्राचा वेग जुन्या यंत्राकडून मागणे होय.

कोलेस्टेरॉलची कथाही याच घराण्यातली. १९४८ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ साधे स्त्री-पुरुष दर दोन वर्षांनी तपासून घ्यायला तयार झाले. कोणाला हृदयविकार होतो आणि कोणाला होत नाही, हे पाहायचे होते. तोपर्यंत वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. १९६१ साली या अभ्यासाने दाखविले की वाढता रक्तदाब आणि रक्तातले वाढते कोलेस्टेरॉल ही येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. त्या गावकऱ्यांनी साऱ्या जगावर उपकार केले. परंतु ते बहुतेक सर्व गोरे अमेरिकन होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या एका अभ्यासात असे दिसले की दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो. कारणे तीच, वेळ मात्र आधीची. म्हणून फ्रॅमिंगहॅमच्या हिशेबाने 'अजून अवकाश आहे' असे म्हणून आपण स्वस्थ बसणे बरे नव्हे.

आतापर्यंत मर्यादेबाहेरच्या आकड्यांविषयी बोललो. आता मर्यादेतल्या आकड्याने कसे फसविले जाते ते पाहू. मूत्रपिंडाची चौकशी क्रिएटिनिनवरून करतात. १८८६ साली माक्स याफे या जर्मन रसायनज्ञाने त्याला पिक्रिक आम्लाने तांबूस रंग येतो हे दाखविले, आणि तो रंग मोजण्याची रीत अजूनही अनेक प्रयोगशाळांत चालते. क्रिएटिनिन स्नायूंतून निघते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो. स्नायू किती आणि मूत्रपिंडाचे काम कसे. १९७६ साली माँट्रियलच्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी २४९ रुग्णांवरून, ज्यांत जवळजवळ सगळे पुरुषच होते, एक साधे सूत्र काढले. १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा.

हे गणित आपण करून पाहू. पंचवीस वर्षांचा, सत्तर किलोचा गडी आणि सत्तर वर्षांचे, पन्नास किलोचे निवृत्त कामगार, दोघांचेही क्रिएटिनिन १.२ आले. पुष्कळ प्रयोगशाळांच्या मर्यादेत हा आकडा बसतो. दोघांच्याही कागदावर खूण नाही. सूत्राप्रमाणे तरुणाचे उत्तर सुमारे ९३ येते आणि आजोबांचे सुमारे ४१. आकडा तोच, पण आजोबांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद निम्म्याहून कमी! स्नायूच झिजले, त्यामुळे क्रिएटिनिन थोडे तयार होते आणि झीज झाकली जाते. त्याच आजोबांनी गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर काय होईल, याची कल्पना करावी. सूत्र हा अंदाज आहे, निदान नव्हे, आणि त्यानंतर अधिक चांगली सूत्रे निघाली आहेत. २०२१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी काळ्या लोकांसाठी वेगळा गुणक धरण्याची जुनी रीत सोडून दिली, कारण माणसाचा वर्ण ही मूत्रपिंडाची मोजपट्टी होऊ शकत नाही. आता अनेक प्रयोगशाळा गाळण्याची अंदाजी ताकद रिपोर्टातच छापतात. ती छापलेली नसेल तर डॉक्टरांना अवश्य विचारावी.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा शोध घेतला. या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या आणि आकाराने मोठ्या होत्या. नुसते रक्त पाहून विल्सबाई थांबल्या नाहीत. त्यांनी बायकांच्या ताटाकडे पाहिले. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे आणि प्रथिने कमी, त्यांच्यात हे दुखणे अधिक. यीस्टच्या अर्काने, म्हणजे विलायती दुकानात मिळणाऱ्या मार्माइटने, त्या बऱ्या होऊ लागल्या, आणि १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४१ साली पालकाच्या भाजीतून तो वेगळा काढून त्याला नाव देण्यात आले. आज जगभर गरोदर स्त्रियांना जी गोळी मिळते, तिचे मूळ परळ-लालबागच्या गिरणगावाशी जोडलेले आहे. पण आम्हांला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या बायकांच्या रक्तातला आकडा खाली होता, कारण त्यांच्या पगाराचा आकडा खाली होता.

वृद्धांच्या बाबतीत हाच धागा पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली पुरुषांना १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांना १२ ही हिमोग्लोबिनची खालची मर्यादा सांगितली, आणि म्हातारपणासाठी तीत काही सूट दिली नाही. 'वय झाले, रक्त कमी होणारच' हे आपल्याकडचे बोलणे म्हणूनच टाकून दिले पाहिजे. वृद्धाचे रक्त कमी होते त्याला कारण असते. कधी अपुरे अन्न, कधी मूत्रपिंड, कधी पोटात गुपचूप होणारा रक्तस्राव. कारण शोधावे लागते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली मध्यम वयाच्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही खेड्यातले, काही झोपडवस्तीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत बी-बारा हे जीवनसत्त्व कमी निघाले, आणि कमतरता सर्वांत जास्त होती ती मध्यमवर्गीयांत! बी-बारा दूध-दही आणि सामिष अन्नातूनच मिळते; ते कमी पडले की रक्त तर घटतेच, पण पायांना मुंग्या येतात आणि स्मरणही मंदावते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही सर्वांत प्रचलित गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने बी-बारा आणखी घटू शकते. तेव्हा मधुमेही आजोबांचे पाय बधिर झाले तर दोष साखरेचाच आहे असे धरून चालू नये. एक स्वस्त जीवनसत्त्वही तपासून पाहावे.

शेवटी त्या लांबलचक यादीविषयी. १९५७ साली क्लीव्हलंडच्या लेनर्ड स्केग्ज यांच्या कल्पनेतून निघालेले, रक्ताचे नमुने आपोआप तपासणारे यंत्र बाजारात आले, आणि थोड्याच वर्षांत एका नमुन्यावर डझनभर तपासण्या होऊ लागल्या. आज तर साठ-सत्तर तपासण्यांची 'पॅकेजे' भिंतींवर जाहिरातीत दिसतात. येथे तिसऱ्या रकान्याचे गुपित सांगणे आले. बहुतेक मर्यादा अशा ठरतात की निरोगी माणसे निवडून त्यांचे रक्त तपासायचे आणि मधल्या पंचाण्णव टक्क्यांना मर्यादेत धरायचे. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच व्याख्येनेच बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टावरही एखादी तरी खूण येण्याची शक्यता शेकडा ६४ असते. ती खूण पाहून दुसरी तपासणी, तिच्यावरून तिसरी, आणि प्रत्येकीचे बिल. ज्याला पेन्शन नाही अशा माणसाची पुंजी या वाटेने जाताना आम्ही पाहिली आहे.

यावरून तपासणी टाळावी असे कोणी समजू नये. साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची झीज हे मुके रोग आहेत. ते रक्ताच्या आणि दाबाच्या आकड्यांतूनच प्रथम बोलतात. आमचे म्हणणे एवढेच की मोजक्या, कारणाने सांगितलेल्या तपासण्या वेळेवर व्हाव्यात, आणि त्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात व्हाव्यात. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा आधार मिळू लागला. हे चांगलेच झाले. पण मूत्रपिंड निकामी होऊन दाखल होण्याआधी दहा वर्षे जी तपासणी आणि जी गोळी लागते, ती दाखल न होताच मिळाली पाहिजे. ही मागणी आजारी माणसाने एकट्याने करायची नसते. ती सर्वांनी मिळून करायची असते.

आणि तोपर्यंत घरी करण्यासारखे एक काम आहे. रिपोर्ट टाकून देऊ नयेत. तारखेप्रमाणे एका फायलीत लावावेत, जशी शहाणा कामगार पगाराची पावती लावून ठेवतो तशी. छापील मर्यादा परक्यांच्या रक्तावरून आलेली असते, परंतु पाच वर्षांपूर्वीचा आकडा आपल्याच रक्ताचा असतो. क्रिएटिनिन ०.८ वरून १.२ वर चढले तर कागदावर खूण येणार नाही. पण दोन कागद शेजारी ठेवले तर ते कोणाही सुनेला, नातवाला दिसेल. डॉक्टरांकडे जाताना ती फाईल बरोबर न्यावी आणि विचारावे, "मागच्यापेक्षा हे का बदलले?" आमच्या अनुभवात चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.